बचावपटूच्या नावावर काय लागतं?

१७ मार्च २०१९. मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. बेंगळुरू आणि गोवा नव्वद मिनिटं भिडले, गोल नाही. अतिरिक्त वेळही सरत आली. तेवढ्यात डिमास डेल्गाडोनं कॉर्नर घेतला, घोळक्यातून बेंगळुरूचा एक बचावपटू उसळला आणि त्यानं डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. सामना १-०. बेंगळुरूला पहिलंवहिलं आयएसएल जेतेपद मिळवून देणारा हा राहुल भेके, मुंबईचाच.

पाच वर्षांनी, २५ फेब्रुवारी २०२४ ला, लंडनच्या वेम्बलीवर जणू तोच सामना पुन्हा झाला. लीग कपच्या अंतिम लढतीत लिव्हरपूल आणि चेल्सी ११७ मिनिटं बरोबरीत होते. मग कॉर्नर, हेडर आणि १-०. गोल करणारा होता नेदरलँड्सचा बचावपटू व्हर्जिल व्हान डाइक.

दोघं जवळपास एका वयाचे. भेकेचा जन्म डिसेंबर १९९० चा, व्हान डाइकचा जुलै १९९१ चा. पैसा आणि प्रसिद्धी यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण दोघांनाही उशिरा बहर आला. व्हान डाइक ग्रोनिंगेन, सेल्टिक, साउथॅम्प्टन असे मुक्काम करत जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलला पोचला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. भेके ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स असा फिरत २०१७ ला बेंगळुरूत स्थिरावला. भारताचा शर्ट मिळाला तो २८ व्या वर्षी, जून २०१९ मध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये. समोर होता कुरासाओ, म्हणजे डच राजसत्तेतलाच कॅरिबियन देश. तो सामना भारत ३-१ हरला.

हा उशीर का होतो? आघाडीवीराच्या दहा चुका एका गोलात धुऊन निघतात. बचावपटूची एकच चूक थेट गोलफलकावर चढते, म्हणून कोवळ्या पोराला मागच्या फळीत उभं करायला प्रशिक्षक कचरतात. शिवाय या कामात पायांपेक्षा नजर महत्त्वाची. चेंडू कुठं आहे यापेक्षा तो पुढं कुठं येणार, आपल्या पाठीमागून कोण पळतंय, पुढं सरसावायचं की दोन पावलं मागं हटायचं, याचा हिशेब सतत चालू असतो. ही जाण शेकडो सामने खेळूनच येते.

चाकूर-अहमदपूरकडच्या वाचकाला हे कबड्डीवरून चटकन कळेल. चढाईपटू आत आला की कोपऱ्यावरचा गडी आधी त्याचा पाय वाचतो, मग झेपावतो. फरक इतकाच, की कबड्डीत पकडीला गुण मिळतो आणि मैदान दणाणतं. फुटबॉलमध्ये अडवलेल्या गोलाची नोंद गोलफलकावर कुठंच होत नाही.

१० सप्टेंबर २०१९ चा दोहाचा सामना घ्या. त्याच वर्षी आशियाई विजेता झालेल्या कतारला भारतानं त्यांच्या घरी ०-० असं रोखलं, तेही सुनील छेत्रीशिवाय. बचावफळीत चौघं होते: उजवीकडं भेके, मध्ये संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, डावीकडं गोव्याचाच मंदार राव देसाई. गोलरक्षक गुरप्रीतनं त्या रात्री कमालच केली. निकालपत्रावर मात्र दोन शून्यं.

म्हणून बचावपटू लक्षात राहतो तो बहुधा गोलमुळे. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीनं इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी हेडर तोवर मुंबई सिटीत आलेल्या भेकेचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाशी १-१ बरोबरी साधून देणारा हेडरही त्याचाच. यामागं साधं गणित आहे. उंचावरून येणारे चेंडू डोक्यानं परतवणं हे बचावपटूचं रोजचं काम. कॉर्नरच्या वेळी तेच कसब उलट्या दिशेनं वापरायचं. मात्र तो पुढं गेला की मागचं दार उघडं पडतं, म्हणून एक-दोघं चपळ गडी राखणीला ठेवावे लागतात.

पुरस्कारांतही हाच पंक्तिप्रपंच दिसतो. जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी'ऑर २०१९ मध्ये व्हान डाइकच्या हातून अवघ्या सात गुणांनी निसटून मेस्सीकडं गेला. २००६ मध्ये इटलीच्या कॅनाव्हारोनं तो जिंकला, त्यानंतरच्या विजेत्यांत व्हान डाइकच्या वेळेपर्यंत एकही बचावपटू नव्हता.

क्लबांचे व्यवहार मात्र वेगळं सांगतात. व्हान डाइकसाठी लिव्हरपूलनं साडेसात कोटी पौंड मोजले, तेव्हा तो बचावपटूंसाठीचा जागतिक विक्रम होता. भेकेनं मे २०२४ मध्ये मुंबई सिटीला आयएसएल करंडक मिळवून दिला आणि त्यानंतर, ३३ व्या वर्षी, बेंगळुरूनं त्याला परत बोलावलं. ज्या वयात अनेक आघाडीवीरांचा भाव उतरू लागतो, त्या वयात त्याला जुन्या घराचं निमंत्रण आलं. न झालेल्या गोलांची किंमत प्रेक्षकांना नसेल, क्लबांना पक्की ठाऊक असते.