लाइन रुंद केली म्हणून अंतर घटत नाही

नव्या शाखेत सॉफ्टवेअर रडतखडत चालू लागलं की उपाय ठरलेला असतो: लाइन वाढवा. ५० एमबीपीएसची १०० होते, मग २००; बिल फुगतं आणि खातेउतारा उघडायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते, एवढंच हा आकडा सांगतो. एक प्रश्न जाऊन त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागेल, हे त्यातून कळत नाही. समजा, मुख्यालय पुण्यात आणि शाखा नागपुरात आहे. पुणे-नागपूर अंतर रस्त्याने सुमारे ७०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे त्या रस्त्याकडेने केबल गेली तर एका हेलपाट्याला ७ मिलिसेकंद लागणारच. वळसे आणि वाटेतले राउटर धरून २० समजू. डेटा पुण्याच्या सर्व्हरवर, सॉफ्टवेअर नागपूरच्या संगणकावर, आणि एका उताऱ्यासाठी ते एकामागून एक हजार बारीकसारीक प्रश्न विचारतं. मुख्यालयात अर्ध्या मिलिसेकंदाचा हेलपाटा असेल तर काम अर्ध्या सेकंदात उरकतं. नागपुरात २० सेकंद जातात. प्रश्न मोजक्या बाइट्सचा, आणि पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरासाठी खोळंबलेला. तिथे रुंद लाइन काय करणार?

अंतर तर हटवता येत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण हेलपाटे हटवता येतात. सॉफ्टवेअर सर्व्हरशेजारीच चालवून शाखेत रिमोट डेस्कटॉपने फक्त स्क्रीन दाखवली, की ते हजार प्रश्न पुण्यातल्या खोलीतच मिटतात. कळ दाबल्यावर अक्षर २० मिलिसेकंद उशिरा उमटलं, तर टाइप करणाऱ्याला ते जाणवतही नाही. रात्रीचा बॅकअप किंवा कॅमेऱ्यांचं चित्रण पाठवायचं असेल तर रुंद लाइन हवीच. तिथे तो खर्च सार्थकी लागतो.

दोन्हीकडे व्हीपीएन राउटर बसवले की ऑफिसं जोडली गेली, हा दुसरा समज जास्त नडतो. दोन्हीकडचे राउटर खोक्यातून काढले तसेच लावले, तर बरेचदा दोन्ही ठिकाणी पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात. मग नागपूरचा संगणक १९२.१६८.१.१० वरच्या पुण्याच्या सर्व्हरला आपल्याच ऑफिसात शोधतो. निरोप व्हीपीएनपर्यंत पोचतच नाही. खासगी जाळ्यांसाठी राखीव असलेल्या, १० ने सुरू होणाऱ्या एका गटातच १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत. त्यातून शाखेला वेगळा तुकडा सहज देता येतो. राउटरमध्ये पत्ते बदलून पाठवण्याची सोय असते, हे मान्य. पण मग त्याच यंत्राचा पत्ता पुण्यात एक आणि नागपुरात दुसरा होतो, आणि बिघाड शोधणारा प्रत्येक वेळी त्यात अडकतो. दहा संगणकांच्या शाखेत पत्ते लावायला उघडण्याआधीची एक दुपार पुरते. नंतर त्याच कामासाठी प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि कॅमेरे एकेक करून थांबवावे लागतात.