सूर्यप्रकाशाचा पासंग

वाणी माल तोलण्याआधी रिकामा तराजू उचलून पाहतो. एक पारडं कललेलं दिसलं, तर आधी पासंग काढतो. सूर्यावरच्या वायूचा वेग मोजतानाही खरी मेहनत या पासंगाचीच. तो चुकला, तेव्हा वर उठणारा वायू अभ्यासकांना खाली बसताना दिसला होता.

१९९५च्या डिसेंबरात ‘सोहो’ यानाबरोबर ‘सुमेर’ हा अतिनील वर्णपटमापक अवकाशात गेला. फटीतून आत आलेला सूर्यप्रकाश फाकवून तो वर्णरेषा टिपायचा. वायू आपल्याकडे येत असेल, तर रेषा कमी तरंगलांबीकडे सरकते. दूर जात असेल, तर जास्तीकडे. हे सरकणं फार इवलं. ७७ नॅनोमीटरच्या रेषेसाठी, सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे नॅनोमीटरचा जेमतेम पाव हजारांश!

पडताळणीसाठी सुमेरवर ठाऊक तरंगलांबीचा दिवा नव्हता. मग खूण शोधायची ती सूर्यावरच. खालच्या, त्यामानाने थंड थरातले सिलिकॉनचे उदासीन अणू सरासरीने जवळजवळ स्थिर असतात. त्यांच्या रेषा झाल्या मोजपट्टी. मोजायची होती सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची रेषा, सहा-सात लाख अंश तापलेल्या वायूतली. ती वर्णपटाच्या दुसऱ्या क्रमात, म्हणजे ७७च्या दुप्पट तरंगलांबीच्या जागी, १५४ नॅनोमीटरजवळ, नेमकी सिलिकॉनच्या रेषांच्या शेजारी उमटते. हा योग मला फार सुंदर वाटतो.

तरी निम्मंच काम झालं. वायू स्थिर असता तर निऑनची रेषा कुठे पडली असती? वापरातला आकडा होता ७७.०४०९ नॅनोमीटर. त्यानुसार शांत सूर्यावरचा हा वायू सरासरीने खाली जात होता. मग सुमेरची नजर सूर्यबिंबाच्या कडेबाहेर वळवली गेली. तिथे वर-खाली जाणारा वायू आपल्याला आडवा जातो आणि पुढच्या-मागच्या हालचाली एकमेकींना खोडतात. म्हणजे रेषा आपल्या मूळ जागी सापडते. १९९९मध्ये नवा आकडा आला: ७७.०४२८.

फरक ०.००१९ नॅनोमीटरचा, पण वेगात सेकंदाला सात किलोमीटरांहून अधिक. निरीक्षणं तीच, सिलिकॉनची मोजपट्टीही तीच. फक्त वेगाचं चिन्ह उलटलं. वायू वर येत होता. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेल्या नकाशात ध्रुवाकडच्या किरीट-विवरातून, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या विरळ भागातून, तो कुठून जोरात निघतो तेही दिसलं: सूर्यपृष्ठावरच्या चुंबकीय जाळ्याच्या कडांवरून, आणि त्या कडा जिथे एकमेकींना मिळतात तिथून.