ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल जन्मभराचं नसतं

नाशिकच्या महिंद्र कारखान्यात तयार होणारी स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली आणि २००८ मध्ये तिला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. पुढे फॉर्च्युनर आणि एक्सयूव्ही ५०० सुद्धा ऑटोमॅटिक झाल्या. त्या पिढीतल्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्यासारख्या बाजाराच्या गावात अशी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येते, तेव्हा तिच्यासोबत ऐकीव सल्लेही येतात. त्यातले काही सल्ले गिअरबॉक्सच्या मुळावर उठणारे आहेत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘गिअरबॉक्सचं ऑइल कंपनीनं जन्मभरासाठी भरलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही.’ या गाड्यांतल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचा जोर चाकांकडे नेतं ते ऑइलच. क्लच प्लेटा दाबून धरणं, चक्रांना वंगण देणं आणि आतली उष्णता कूलरपर्यंत पोचवणं हीही त्याचीच कामं. तापून तापून ते जळतं, त्यातली रसायनं संपतात आणि प्लेटांची बारीक भुकटी त्यात साचत जाते. झेडएफ ही जर्मन कंपनी जगभरातल्या मोटारींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. तिचाच सल्ला आहे की ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांत बदलावं. उन्हाळ्यातला नाशिकचा पारा, बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगेमागे रांगणारी गाडी आणि लग्नसराईत भरलेल्या सातही सीटा, हे सगळं कंपन्यांच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ या सदरात मोडतं. त्यासाठीची मुदत बहुधा आणखी कमी असते.

दुसरी समजूत नेमकी उलटी: ‘जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो.’ असं घडताना लोकांनी पाहिलेलं असतं, म्हणून ती इतकी घट्ट आहे. पण बहुतेक वेळा गिअर घसरायला लागल्यावरच गाडी गॅरेजात येते. तोवर प्लेटा झिजून गेलेल्या असतात आणि दोष नव्या ऑइलच्या माथी जातो. ज्या गाडीचं ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नाही, तिच्यात मशीन लावून जोरानं फ्लशिंग करणं मात्र टाळावं, कारण साचलेला गाळ हलून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतो. तळाचा बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढं काढावं, तेवढंच नवं भरावं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल अशा वेळी आतच राहतं आणि एका खेपेला साधारण निम्मं किंवा त्याहूनही कमीच बाहेर येतं. म्हणून थोडं अंतर चालवून हेच काम पुन्हा करतात. वेळ लागतो, पण जुन्या गिअरबॉक्ससाठी हीच रीत सुरक्षित.

ऑइल ‘लाल असलं की झालं’ असंही म्हणतात. लाल रंग फक्त ओळखीसाठी मिसळलेला असतो. प्लेटांनी किती घसरायचं आणि केव्हा पकडायचं, हे ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं. १९७० च्या सुमाराला अमेरिकेत या ऑइलमध्ये व्हेलचं तेल वापरायला बंदी आली, तेव्हा योग्य पर्याय सापडेपर्यंत तिथं गिअरबॉक्स बिघडण्याचं प्रमाण वाढलं होतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला नंबर डब्यावर आहे का, एवढंच पाहावं. सीव्हीटी या वेगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल यात चालत नाही. पातळीही इंजिन ऑइलसारखी गाडी बंद करून तपासायची नसते. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावरच माप खरं मिळतं.

कसारा घाट उतरताना न्यूट्रल टाकून डिझेल वाचवण्याची सवय तर धोक्याचीच. इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. उतारावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरावा.

पावसाळ्यात मळ्याच्या रस्त्यावर काळ्या मातीत चाक रुतलं की डी आणि आर असा दांडा मागंपुढं करत अॅक्सिलरेटर दाबण्याचा मोह होतो. चाक जागच्या जागी फिरतं, गाडी हलत नाही आणि इंजिनाचा बराचसा जोर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन राहतो. करपल्यासारखा वास आला तर ऑइल भाजलंच म्हणून समजा. त्यापेक्षा खाली उतरून चाकापुढचा चिखल खोऱ्यानं काढावा आणि चाकाखाली फळी किंवा पोतं घालावं.

सायखेड्याला आणखी एक धोका गोदावरीचा. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत गावात आणि पलीकडच्या चांदोरीत पाणी शिरलं होतं. ‘गिअरबॉक्स सीलबंद असतो, पाणी जात नाही’ हा समज इथं नडतो. गिअरबॉक्सला हवा ये-जा करण्यासाठी श्वासनळी असते. पाणी तिच्यापर्यंत चढलं की आत जातं, ऑइल गुलाबी दुधाळ होतं आणि प्लेटांवर डिंकानं चिकटवलेलं अस्तर सुटू लागतं. मग धक्का मारून गाडी चालू करायचा प्रयत्न होतो, पण ऑटोमॅटिक गाडी धक्का स्टार्ट होत नाही. टोचन करून ओढत नेणं त्याहून वाईट. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले भाग वंगणाशिवाय घासत राहतात. त्यामुळे पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका आणि बॅटरीची तार काढा. गाडी चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच गॅरेजात न्या आणि ऑइल पाहिल्याशिवाय स्टार्टर मारू देऊ नका.