जुन्या संगणकात नवे भाग : संगणक सुरू न झाल्यास काय करावे?

शाळा, ग्रामपंचायती आणि तालुका पातळीवरील कार्यालये यांतून आज अनेक वर्षे वापरात असलेले संगणक आढळतात. यंत्र मंद चालू लागले की, त्यात अधिक रॅम बसवावी किंवा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावावी, असा विचार होतो. थोड्या खर्चात यंत्राचे आयुष्य वाढत असल्याने तो योग्यही असतो. परंतु नवा भाग बसवून कळ दाबल्यावर मॉनिटर काळाच राहिला, की ‘मदरबोर्ड गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः अशा वेळी पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. नवा भाग नीट बसलेला नसतो, अथवा जुन्या यंत्राशी त्याचे जुळलेले नसते. यंत्र नेमक्या कोणत्या टप्प्यावर थांबले हे पाहिले, तर दोष शोधणे बरेच सोपे होते.

संगणक सुरू होण्याचे टप्पे

कळ दाबताच पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला वीज मिळते. त्यानंतर मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेली ‘बायोस’ ही आज्ञावली कामाला लागते. नव्या यंत्रांत तिची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. ही आज्ञावली प्रथम प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक कार्ड यांची तपासणी करते. तपासणीत दोष आढळल्यास अनेक यंत्रे ठरावीक बीप वाजवून तो कळवितात. बीपच्या संख्येचा अर्थ प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असल्याने तो त्या मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा. तपासणी पार पडल्यावर बायोस डिस्क शोधते आणि तिच्यावरील विंडोज किंवा लिनक्स प्रणाली सुरू करून देते.

पंखा फिरतो, मॉनिटर काळा

काम सुरू करण्यापूर्वी विजेची वायर भिंतीपासून काढावी, संगणकाची कळ काही सेकंद दाबून धरावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्या आत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

पंखा मुळीच फिरत नसल्यास विजेच्या जोडण्या आणि पुढील कळीच्या बारीक तारा तपासाव्यात. पंखा फिरत असूनही मॉनिटर काळा असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. पट्टी दोन्ही बाजूंनी पूर्ण दाबली गेली आहे ना, हे पाहावे. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० आणि डीडीआर४ पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात. दोहोंच्या खाचांची जागाही वेगळी असते. त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही, आणि जोर लावल्यास खाच तुटते. प्रकार जुळला तरी एका पट्टीची किती जीबी क्षमता मदरबोर्डला पेलते, याला मर्यादा असते. म्हणून खरेदीपूर्वीच माहितीपुस्तिका पाहावी.

प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची विजेची जोडणी हात लागून सुटली असली, तरी पंखे फिरतात आणि मॉनिटर काळा राहतो. नवे ग्राफिक कार्ड बसविले असेल, तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावावी. कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायची स्वतंत्र जोडणी द्यावीच लागते.

मॉनिटर उजळतो, पण डिस्क सापडत नाही

नवी एसएसडी कोरी असते. जुन्या डिस्कची प्रतिकृती तिच्यावर उतरविल्याशिवाय किंवा प्रणाली नव्याने बसविल्याशिवाय तिच्यावरून संगणक सुरू होणार नाही. साटा प्रकारच्या डिस्कला विजेची आणि माहितीची अशा दोन केबल लागतात. दोन्ही घट्ट बसविल्यानंतर बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. नाव दिसत असल्यास बूटच्या क्रमात तिला पहिले स्थान द्यावे. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी अॅडॉप्टर लावून जुन्या मदरबोर्डवर बसविता आली, तरी अनेक जुन्या बायोसना तिच्यावरून प्रणाली सुरू करता येत नाही. अशा यंत्रासाठी साटा एसएसडीच घ्यावी.

डिस्कची मांडणी हाही एक प्रश्न असतो. एमबीआर या जुन्या पद्धतीने मांडलेल्या डिस्कवरील विंडोज यूईएफआय पद्धतीने सुरू होत नाही. विंडोज १० साठीची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी यूईएफआय आवश्यक असल्याने अनेकांनी बायोसमधील ही पद्धत बदलली आणि चालू संगणक बंद पडला. अशा वेळी जुनी पद्धत पुन्हा निवडली की तो पूर्ववत सुरू होतो. मांडणी बदलण्यासाठी विंडोजमध्येच साधन उपलब्ध आहे. मात्र त्यापूर्वी माहितीची प्रत घेतलेली असावी.

लहानसा सेल, मोठा घोटाळा

मदरबोर्डवर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल असतो. वीज नसताना घड्याळ तो चालू ठेवतो. जुन्या यंत्रांत बायोसमधील निवडीही त्याच्याच आधारे टिकतात. तो क्षीण झालेला असताना रॅम बसविण्यासाठी विजेची वायर काढली, की या निवडी पुसल्या जातात. डिस्क चालविण्याची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर गेल्यास विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो, आणि दोष विनाकारण नव्या रॅमवर ठेवला जातो. तारीख मागे गेलेली दिसली, तर हेच कारण समजावे. सेल बदलून तारीख आणि पूर्वीची पद्धत पुन्हा निवडावी. तारीख चुकीची राहिल्यास सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत.

एका वेळी एकच बदल

दोष शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे नवा भाग काढून जुना पुन्हा बसविणे. संगणक सुरू झाला, तर दोष नव्या भागात किंवा त्याच्या जुळणीत आहे, हे निश्चित होते. रॅम, डिस्क आणि कार्ड एकाच दिवशी बदलल्यास हा शोध अवघड होतो. म्हणून एक भाग बसवावा, संगणक चालवून पाहावा आणि मगच दुसऱ्याला हात घालावा.

माहिती प्रथम

सुटा भाग पुन्हा विकत घेता येतो. नमुना ८ ची कर आकारणी किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाच डिस्कवर असतील, तर त्या पुन्हा उभ्या करणे कठीण असते. यास्तव कॅबिनेट उघडण्यापूर्वीच माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लिहून ठेवावी, कारण मदरबोर्ड किंवा बायोसमधील बदलानंतर संगणक ती मागू शकतो. डिस्क ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ करण्याविषयी संगणकाने विचारल्यास, ती कोरी असल्याची खात्री झाल्याखेरीज होकार देऊ नये. जुनी डिस्क नवी व्यवस्था सुरळीत चालेपर्यंत जपून ठेवावी. पुढे ती टाकून देताना तिच्यावरील नागरिकांची माहिती पूर्णपणे नष्ट करावी.

प्रत्येक कार्यालयाने आपल्या संगणकांची एक नोंदवही ठेवणे हिताचे ठरेल. मदरबोर्डचे नाव, रॅमचा प्रकार, बायोसमधील निवडींची छायाचित्रे, सेल बदलल्याची तारीख आणि कोणता भाग कोणी केव्हा बसविला, एवढ्या नोंदी तीत असाव्यात. कर्मचारी बदलून गेले तरी ही माहिती कार्यालयात राहते, आणि पुढच्या बिघाडाच्या वेळी शोध कोठून सुरू करावा हे नव्या माणसालाही कळते.