सिकलसेलचं जनुक टिकलं कसं?

नैसर्गिक निवड शिकवताना आपण सगळेच एक वाक्य हमखास बोलतो : जो सक्षम तो टिकतो. आणि मग एखादं चुणचुणीत मूल विचारतं, "सर, मग सिकलसेल अजून कसा आहे?" गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात शिकवणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. त्याला "पुढच्या वर्षी शिकाल" म्हणून टाळू नका.

मूळ बदल अगदी छोटा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बस्स. ऑक्सिजन कमी पडला की अशा तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही बिघडलेल्या असतील तर आजार. एकच असेल तर तो माणूस 'वाहक', एरवी धडधाकट.

खरी गंमत वाहकात आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे हिवतापाच्या मुलखात वाहक मुलं जास्त जगली, मोठी झाली आणि ते जनुक पुढे देत राहिली. 'सक्षम' कोण, हे डास ठरवत होते म्हणा ना!

वर्गात फळ्यावर हिशेब मांडा. १०० माणसं, म्हणजे २०० प्रती. त्यांतल्या २० बिघडलेल्या धरू. लग्नं कशीही जुळत असतील तर साधारण १ रुग्ण आणि १८ वाहक येतात. २० पैकी १८ प्रती निरोगी माणसांत लपलेल्या! निवडीला त्या दिसतच नाहीत. म्हणून हिवताप हटला तरी जनुक पटकन हटत नाही.

आता पालकांसाठी. आईवडील दोघे वाहक असतील तर मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. पण "पहिली तीन चांगली, आता चौथं आजारी" असं नसतं हो. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने तेवढीच. दोन नाणी एकत्र उडवून दाखवा, मुलांना लगेच पटतं. आणि मूल आजारी निघालं की सुनेकडे बोट दाखवतात, तेही याच हिशेबात खोटं ठरतं : एक प्रत वडिलांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही.

शाळेत तपासणी झाली तर एक लक्षात ठेवा. सोल्युबिलिटी चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे मूल रुग्ण आहे असं नाही. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीनंतरच कळतं. तोवर वर्गात नाव मोठ्याने वाचू नका.