तंबोरा नवा घ्यावा कीं जुना?

गेल्या वर्षीं माघ महिन्यांत आमच्या अमरावतीच्या घरांत एक लहानसा प्रश्न उपस्थित झाला, आणि वैशाख उजाडेपर्यंत त्यानें चांगलेंच मोठें रूप धारण केलें. आमची थोरली नात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा परीक्षेची तयारी करीत होती. तोंवर ती मोबाईलमधील तंबोरा लावून गात असे. परंतु तिच्या गुरुजींनीं एके दिवशीं सांगितलें, "यंत्रांतला स्वर कधीं उतरत नाहीं, म्हणून तो लावावाही लागत नाहीं, आणि लावल्याखेरीज कान तयार होत नाहीं. आतां घरांत तंबोरा आणा." गुरुजींची आज्ञा कोणासच अमान्य नव्हती. मतभेद झाला तो पुढेंच. चिरंजीवांचें म्हणणें, घ्यावयाचा तर मिरजेहून नवा करवून घ्यावा. दुसऱ्याच्या घरचें वापरलेलें वाद्य कशाला? अकोल्यास असणारी माझी धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्याबाई, हिचें म्हणणें, तिच्या ओळखीच्या घरीं उत्तम जुना तंबोरा निम्म्या किंमतींत मिळत असतां नव्यावर पैसे ओतणें ही शुद्ध उधळपट्टी. स्वयंपाकघर आत्याबाईंच्या पक्षास मिळालें, दिवाणखाना चिरंजीवांच्या.

असा प्रश्न आज पुष्कळ घरांतून पडत असेल. वाद्य तंबोरा असो, पेटी असो कीं गिटार असो, नवें कीं जुनें हा वाद ठरलेलाच. म्हणून या खटपटींत आम्हांस जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम नव्याची बाजू पाहूं. तंबोरा म्हटला कीं मिरजेचें नांव निघतेंच, आणि तें यथार्थ आहे. १८५० च्या सुमारास तेथील फरीदसाहेब या शिकलगारानें, तलवारींस धार लावण्याचा वडिलोपार्जित धंदा बसत चालला असतां, तंतुवाद्यें दुरुस्त करण्यास व पुढें घडविण्यास आरंभ केला. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विद्या घेतली ती याच गांवीं, आणि खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें वास्तव्यही येथेंच होतें. १९३७ सालीं खांसाहेब निवर्तले, तेव्हां त्यांस मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांतच विसांवा मिळाला. असे गिऱ्हाईक दाराशीं असल्यावर कारागिरांचा कान तयार न झाला तरच नवल! २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, दांडीचें व तबलीचें लांकूड बहुधा तून वृक्षाचें, आणि घडविणारे हात पिढ्यान् पिढ्यांचे. नव्या वाद्याचा मोठा लाभ हा कीं, तें कोणासाठीं हवें आहे हें सांगून त्या मापानें करवून घेतां येतें. आम्हां वऱ्हाडकरांस सोयही आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेऱ्याहून व अकोल्याहून थेट मिरजेस जाते.

मग जुनें घ्यावेंच कां? याचें उत्तर पैशांपेक्षां आपल्या हवेंत अधिक आहे. लांकूड तोडून, कापून, रंगवून झालें तरी तें हवेंतील ओल शोषणें व सोडणें थांबवीत नाहीं. वऱ्हाडांत फाल्गुन संपला कीं कोरडें ऊन सुरू होतें. अकोल्याचा पारा तर मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो. मग मृगाच्या सरी आल्या कीं तेंच लांकूड पुन्हां फुगतें. या ओढाताणींत सरसानें जोडलेले सांधे उकलतात, तबलीस चीर जाते, दांडीस बाक येतो. नवें वाद्य या परीक्षेस अद्यापि बसावयाचें असतें. उलट जो जुना तंबोरा वीस उन्हाळे वऱ्हाडांतच काढून धड राहिला, त्याच्या लांकडाचा कल काय तो कळून चुकलेला असतो. समुद्रकांठच्या दमट गांवाहून आणलेल्या जुन्या वाद्यास मात्र हा न्याय लागू नाहीं. त्याचा आपल्याकडील पहिला उन्हाळा नव्यासारखाच समजावा. आत्याबाईंचा मुद्दा, तिला स्वतःला ठाऊक नसतां, असा शास्त्रशुद्ध होता.

तेव्हां वैशाखांतल्या एका रविवारीं मी, नात व तिचे गुरुजी असे तिघे अकोल्यास गेलों. आत्याबाई आम्हांस घेऊन मोर्णेकांठच्या जुन्या शहरांतील त्या घरीं गेली. वाटेंत तिनें मला हळूच बजावलें, "भाऊ, त्यांना विकायची निकड आहे, पहिल्या आंकड्याला हो म्हणूं नकोस." घरांत सत्तरी उलटलेल्या एक बाई व त्यांची सून एवढींच माणसें होतीं. यजमान गाण्याच्या शिकवण्या करीत. ते जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. तंबोरा कोपऱ्यांत, जुन्या लुगड्याच्या खोळींत उभा होता. खोळ काढतांना बाईंचे हात ज्या रीतीनें चालले तें पाहून भाव करण्याची माझी इच्छा तेथेंच मावळली.

गुरुजींनीं तारा छेडण्यापूर्वीं वाद्य तपासलें. तो क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. प्रथम त्यांनीं दांडी डोळ्यापाशीं धरून बंदुकीच्या नळीसारखी टोंकापर्यंत न्याहाळली. दांडीस पीळ किंवा बाक असेल तर पुढें कांहींच पाहूं नये, असें ते म्हणाले. नंतर दांडी व भोपळा जेथें जुळतात त्या गळ्यावर अंगठा दाबून सांधा हलतो काय तें पाहिलें. तबलीवर बोटाच्या पेरानें टिचक्या मारून चिरेचा फुटका आवाज येतो का तें ऐकलें. भोपळ्यावर टांचणीच्या टोंकाएवढीं छिद्रें आहेत काय व वाद्य हलवितांना पिठासारखा भुसा पडतो काय हें पाहिलें. तसें असेल तर आंत कीड शिरली आहे, आणि तें वाद्य घरांतील इतर लांकडासही अपाय करील. शेवटीं एकेक खुंटी पिळून ती फिरविली तेथें ठरते कीं मागें सरकते हें पाहिलें. खुंट्या, तारा, मणी यांचे दोष किरकोळ. ते थोडक्या खर्चांत जातात. दांडी आणि गळा यांचे दोष मात्र घेणाऱ्याच्या गळ्यांत पडतात.

मग त्यांनीं तारा छेडल्या. आवाज बसका व निर्जीव निघाला. नातीचें तोंड उतरलें. गुरुजी हंसून म्हणाले, "ही जवारी गेली आहे, तंबोरा नव्हे." तंबोऱ्याची घोडी रुंद असते व तिचा पृष्ठभाग किंचित् बाकदार घांसलेला असतो. तार त्या उतारावर ओझरती टेकते, आणि तार व घोडी यांमध्यें सुताचा बारीक धागा नेमक्या जागीं सरकविला कीं स्वरांतून स्वर फुटूं लागतात. १९२१ सालीं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं कलकत्त्याहून आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्य शास्त्रज्ञांचा नियम असा होता कीं, तारेवरील ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो तेथेंच ती छेडली, तर तो उपस्वर निघत नाहीं. वीणा व तंबोरा यांस हा नियम लागू पडत नाहीं आणि त्याचें कारण ही घोडीच, असें त्यांनीं दाखविलें. पण तारांच्या घर्षणानें घोडीवर खांचा पडतात व आवाज मरतो. कुशल हातांनीं ती पुन्हां घांसली कीं तो परत येतो. म्हणून जुनें वाद्य मंद वाजतें एवढ्यावरून टाकूं नये, आणि नवें झणझणीत वाजतें एवढ्यावरून भुलूंही नये. गुरुजींनीं धागा इकडे तिकडे सरकविला, आणि थोड्याच वेळांत खोली भरून गेली. बाई आंतून दारापाशीं येऊन उभ्या राहिल्या.

आत्याबाईंचा पक्ष जिंकला असें आम्हां सर्वांस वाटलें. मीं पैशांचें पाकीट काढलेंही. इतक्यांत बाईंनीं नातीस विचारलें, "बाळ, तूं कोणत्या पट्टींत गातेस?"

"काळी चार, आजी."

बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, मग हा नेऊं नका. हा मर्दानी तंबोरा आहे. ह्यांच्या गळ्यासाठीं, काळी एकसाठीं करविलेला. हिच्या पट्टीपर्यंत ताणाल तर तारा तुटतील, नाहीं तर तबली बसेल. आणि हिनेंच याच्या पट्टींत उतरायचें म्हटलें, तर मंद्रांत पोरीचा जीव गुदमरेल."

गुरुजींनीं मान डोलविली. लांकडाच्या तपासणींत आपण मूळ गोष्ट विचारावयाची राहिलों, असें त्यांनीं मोकळेपणीं कबूल केलें. बारीक तारा चढवून पट्टी वर नेतां येते. परंतु मोठ्या भोपळ्याच्या व लांब दांडीच्या वाद्यांत त्या तारांचा आवाज भरत नाहीं. स्त्रियांच्या पट्टीसाठीं लहान बांध्याचा जनानी तंबोराच लागतो. ज्यांना पैशांची निकड होती त्यांनींच आम्हांस हें सांगितलें. परततांना आत्याबाई मोर्णेच्या पुलापर्यंत एक शब्दही बोलली नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. नातीसाठीं मिरजेहून काळी चारचा जनानी तंबोरा करवून घेतला. चिरंजीव स्वतः जाऊन, तारा सैल करून, गादीच्या पेटींतून घेऊन आले. पहिल्या पावसाळ्यांत तो वरचेवर उतरे, दिवाळीनंतर स्थिरावला. आम्ही तो बाहेरच्या भिंतीस टेकवीत नाहीं, खिडकीच्या उन्हांत ठेवीत नाहीं, आणि उन्हाळ्यांत कूलरच्या झोतासमोर तर मुळींच नाहीं. कारण एका बाजूनें ओला वारा व दुसऱ्या बाजूनें कोरडें ऊन यांत वाद्याचे जितके हाल होतात तितके प्रवासांतही होत नसतील.

आणि तो जुना तंबोरा? गुरुजींच्या वर्गांत गेल्या दोन वर्षांत आवाज फुटून काळी एकवर स्थिर झालेला एक होतकरू विद्यार्थी आहे. नवा तंबोरा घेण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती. गुरुजींनीं त्याच्या वडिलांस अकोल्यास धाडलें. बाईंनीं जी किंमत सांगितली तींत त्यांनीं घासाघीस केली नाहीं. बाईंनीं एकच अट घातली, "खोळींत ठेवूं नका, रोज लावा."

आतां आमचा धाकटा नातू गिटार मागत आहे, आणि घरांत पुन्हां दोन पक्ष पडले आहेत. पण या खेपेस वादाची तऱ्हा निराळी आहे. त्याच्या बोटांस कोणत्या मापाची गिटार पेलेल हें प्रथम पाहावयाचें. मग मान सरळ आहे काय, घोडीजवळचें लांकूड उचललें आहे काय, पडद्यांवर खांचा पडल्या आहेत काय, तारा पडद्यांपासून फार उंच तर नाहींत ना, हें जाणत्याकडून तपासून घ्यावयाचें. मग मागितलेल्या किंमतींत दुरुस्तीचा खर्च मिळवून ती बेरीज नव्याच्या किंमतीशीं ताडून पाहावयाची. नवी कीं जुनी हा प्रश्न सर्वांत शेवटीं येतो, आणि तोंवर तो बहुधा आपोआप सुटलेला असतो.

म्हणून वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. वाद्य घेतांना प्रथम गाणाऱ्याचा गळा किंवा वाजविणाऱ्याचा हात पाहावा, नंतर लांकूड पाहावें, वय सर्वांच्या मागून. जुनें वाद्य कमीपणाचें नाहीं आणि नवें उधळेपणाचें नाहीं. ज्याच्या मापाचें नाहीं त्याच्यासाठीं घेतलेलें वाद्य मात्र, तें फुकट मिळालें तरी, महागच पडतें. आमच्या घरीं हल्लीं पहांटे नात तंबोरा लावूं लागते तेव्हां तिचा पंचम जुळेपर्यंत सर्व घर जागें होतें. चिरंजीव म्हणतात, नवा घेतला तें बरें झालें. आत्याबाई सुटींत येते व म्हणते, अकोल्यास गेलों तें बरें झालें. मला दोघांचेंही म्हणणें पटतें.