ढोलींतला संसार

सह्याद्रीच्या दाट रानांत उभें असतां कधीं कधीं डोक्यावरून आगगाडीचें इंजिन चालल्यासारखा ‘भस् भस्’ असा आवाज जातो. वर पाहावें, तों काळ्यापांढऱ्या पंखांचा एक प्रचंड पक्षी या उंबरावरून त्या उंबराकडे निघालेला असतो. हाच महाधनेश. कोकणांत कित्येक ठिकाणीं यास गरुड म्हणतात. परंतु विष्णूच्या वाहनाशीं याचें नातें नांवापुरतेंच. लांबी तीन ते चार फूट, वजन सुमारें तीन किलो, आणि थोरल्या चोंचीवर आणखी एक पिवळें शिरस्त्राण! या बिचाऱ्याची मान कशी अवघडत नाहीं, असें वाटतें. पण तें शिरस्त्राण आंतून बव्हंशीं पोकळ असतें. माणसांतही तो रुळतो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरींत कारवारकडून आलेला ‘विल्यम’ नांवाचा महाधनेश १८९४ पासून १९२० पर्यंत सुखानें नांदला. शेवटीं तारेचा तुकडा गिळून तो मेला. त्या संस्थेच्या बोधचिन्हावर हाच पक्षी आहे.

याचें खरें नवल घरट्याचें. हिंवाळा सरतां सरतां मादी एखाद्या जुनाट वृक्षाच्या ढोलींत शिरते आणि आपली विष्ठा व फळांचा गर यांनीं दार आंतून लिंपून घेते. चोंच बाहेर निघेल एवढी उभी फट काय ती उरते. तेथें ती एक-दोन अंडीं घालून सुमारें चाळीस दिवस उबविते. याच बंदिवासांत तिच्या पंखांचीं मोठीं पिसें झडून नवीं येतात. मधल्या काळांत तिला उडतांच येत नाहीं. ‘आयतें खायला मिळतें, बरें आहे की!’ असा शेरा आमच्या घरीं हें ऐकून मिळाला.

आयतें खरें, पण तें आणणारा एकटा नर. वड, उंबर, नांद्रुक यांचीं फळें गळ्यांत भरून तो येतो व फटींतून एकेक करून देतो. मधून मधून एखादा सरडाही असतो. पिलूं निम्मेंअधिक वाढलें, म्हणजे मादी भिंत फोडून बाहेर पडते. दार पुन्हां लिंपलें जातें, आणि मग दोघें मिळून त्यास पोसतात. पिलूं उडेपर्यंत एकंदर चार महिने जातात.

आतां, रोज त्याच ढोलीकडे येणारा हा नर शिकाऱ्यास सांपडण्यास किती सोपा! याच्या चरबीचें तेल वातावर गुणकारी, या समजुतीपायीं कितीतरी मारले गेले. नर पडला, की आंतलीं पुष्कळदा उपाशींच मरतात. १९७२ च्या कायद्यानें याच्या शिकारीस बंदी आहे. तरीही जुनीं झाडें तुटत चालल्यामुळें २०१८ सालीं याची गणना जगांतील धोक्यांतील पक्ष्यांत झाली.

अरुणाचलांतील निशी लोक आपल्या टोपीवर धनेशाची चोंच मिरवीत. तेथील पक्के अरण्यालगतच्या गांवकऱ्यांनीं २०११-१२ पासून घरट्यांची राखण पत्करली असून टोप्यांवर कृत्रिम चोंची येऊं लागल्या आहेत. लिंपलेली ढोली दिसली, की हे राखणदार झाडापासून थोडें दूर बसतात, आणि नर येतो की नाहीं तें पाहत राहतात.